सात वाजता, निळा

आमच्या घरी दाराआड एक कोंबडी उभी असते. लोखंडाची, तीन पायांची. नव्या माणसाला मी सांगते, हात लावू नका, चोच मारते, आणि मग हसून खरं काय ते सांगते. तो तिरंदाजाचा स्टँड आहे, ज्याला दिसत नाही अशा तिरंदाजाचा. वरच्या टोकाला बोटभर दांडी, तिच्यावर रबराचं बोंड. धनुष्य धरलेला हात पुढे केला की बोंड पंज्याच्या मागच्या बाजूला टेकतं. ज्याला दिसतं तो डोळ्यांनी नेम धरतो, ज्याला दिसत नाही तो त्या टोचण्यावरून. खाली स्क्रू आहेत, ते पिळले की बोंड वरखाली, डावंउजवं सरकतं. ह्यांनी पहिल्यांदा तिच्यापुढे हात केला आणि दचकून म्हणाले, "ही तर चोच मारते गो! कोंबडी हाय." तेव्हापासून ती कोंबडी.

हे म्हणजे माझे यजमान. उखाण्याबाहेर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, आता लिहिताना तरी कशाला घेऊ? धाटावच्या एका कंपनीत त्यांनी सगळी हयात शिफ्टा केल्या. काचबिंदू कधी आला ते कळलंसुद्धा नाही. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही, नुसता कडेकडेने अंधार आत सरकत आला. रिटायर झाले त्या साली एकदा म्हणाले, "जिन्यातला बल्ब गेला वाटतं." बल्ब चालू होता. मी तिथेच पायरीवर बसले.

शेवटी उजव्या डोळ्यात दोऱ्याएवढा उजेड राहिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. बोलायचे नाहीत, रेडिओ लावू द्यायचे नाहीत. जेवायला तेवढे उठायचे. मी मासा सोलून, काटे काढून ताटात ठेवायची आणि म्हणायची, "काटा नाय." एवढं ऐकलं की घास थेट तोंडात. बोईट असलं तरी, आणि बोईटाला काय थोडे काटे असतात? पण त्यांनी कधी चाचपून पाहिलं नाही. मी नाय म्हटलं म्हणजे नाय.

अशात आमच्या वरसे गावातले एक रिटायर झालेले पीटीचे सर घरी आले. शाळेत असल्यापासून त्यांना तिरंदाजीचं वेड. ते ह्यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "काका, धनुष्य ओढणार काय?"

हे भिंतीकडे बघूनच म्हणाले, "आणि मारू कोणाला? बायकोला?"

कितीतरी महिन्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडले.

दुसऱ्या दिवसापासून रोह्याच्या शाळेच्या मैदानावर आम्ही जायला लागलो, नदीच्या बाजूला. सरांनी नियम सांगितले. पायाशी एक लाकडी पट्टी, तिला बोटं लावून उभं राहायचं म्हणजे रोज पाऊल एकाच जागी पडतं. कोंबडी पुढ्यात. निशाण तीस मीटरवर. आणि डोळ्यांवर काळी पट्टी.

"आता आंधळ्याच्या डोळ्यांवर पट्टी?" मी म्हणाले. "ही कुठली रीत?"

"या गटातल्या सगळ्यांना बांधावीच लागते, काकी. कोणाला थोडं दिसतं, कोणाला काहीच नाही. पट्टी बांधली की सगळे सारखे. पंच येऊन बोट घालून तपासतात, कुठून उजेड येतो काय."

तो दोऱ्याएवढा उजेडही झाकायचा हे मला पटेना. ह्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, "कंपनीत हेल्मेट घालायचो, तसं हे."

मग सर माझ्याकडे वळले. "आणि काकी, तुम्ही ह्यांचे डोळे. मदतनीस. मागे एक मीटरवर बसायचं. दुर्बिणीतून बाण कुठे लागला ते बघायचं आणि हळू आवाजात सांगायचं, शेजारच्याला त्रास होता कामा नये. रंग सांगा आणि घड्याळ सांगा. मधे पिवळा, मग लाल, मग निळा, काळा, पांढरा. बारा वाजता म्हणजे वर, सहा म्हणजे खाली. ते ऐकून काका स्क्रू फिरवतील. बाकी तुमचं काही काम नाही."

ह्यांना ते घड्याळ फार आवडलं. मी म्हणायची, "काळा, सात वाजता," की हे म्हणायचे, "फर्स्ट शिफ्ट." तीन वाजता लागला की "सेकंड शिफ्ट, निघा घरी." बाहेरच गेला, तर "आज खाडा." मैदानावर चालायला येणारी माणसं थांबून ऐकायची. कंपनीतला माणूस परत आला होता. घरी आल्यावर मागून भात घ्यायचे.

आता माझं सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती कुठून आली ते सांगायला पाहिजे.

मी पेणची. लग्नाआधीपासून गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. लग्न होऊन रोह्याकडे आले तरी सीझनला गाडीने पेणला जायचेच. कारखान्यात मला शिकवलं ते एका म्हाताऱ्या काकीने. तिचा एक दंडक होता. मूर्तीपुढे वाईट बोलायचं नाही. डोळा वाकडा गेला तर वाकडा म्हणायचं नाही. हात तुटला तर तुटला म्हणायचं नाही, "दुखावला" म्हणायचं. नव्या मुलीने बुबुळ बिघडवलं की काकी म्हणायची, "छान गो, ठेव तिकडे." आणि मुलगी जेवायला गेली की स्वतः बसून नीट करायची. गिऱ्हाइकाच्या घरी जाईपर्यंत सगळं सुधारलेलं असायचं. मुलीला कधी कळायचंसुद्धा नाही. आम्ही सगळ्या त्याच बोलण्यात वाढलो. मला तर ते मायेचं बोलणं वाटायचं. अजून वाटतं.

पावसाळा सरला आणि सर लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले. तीनेक महिने येणार नव्हते. सांगून गेले, "काकी, रोज सरावाला न्या. मला फोन करून सांगत जा. जमलं तर पेणला निवड चाचणी आहे, तिथे नाव देऊ."

सर गेले आणि ह्यांचं बिघडलं. बाण काळ्यात, पांढऱ्यात, खाली मातीत. मी आपली खरं सांगत होते. "पांढरा, आठ वाजता." "बाहेर." "बाहेर." एका संध्याकाळी सहाच्या सहा बाण सांगून झाले आणि हे खाली बसले. ना शिफ्ट, ना खाडा. म्हणाले, "घरी ने गो. नको हे."

त्या दिवशी जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला ती भिंत माहीत होती. दोन वर्षं मी त्या पाठीशी बोलले होते. दुसऱ्या दिवशी हातापाया पडून त्यांना मैदानावर नेलं. पहिला बाण सुटला, मी दुर्बीण डोळ्यांना लावली. निळा. सात वाजता.

"कुठं गेला?"

"लाल," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली. डोळ्यांवर पट्टी होती, पण खालचं तोंड दिसत होतं ना. "लाल? खरंच?"

"मग काय मी खोटं बोलते?"

खोटं किती सोपं असतं बघा. आखणीत बुबुळ थोडं उजवीकडे घ्यावं, तसं. दुसऱ्या बाणाला मी पुन्हा लाल म्हणाले, पाचव्याला पिवळा. घरी येताना रस्त्यावर भेटेल त्याला हे सांगत होते, "आज एक मधे बसला."

मग ते रोजचंच झालं. घड्याळ सांगायचीच नाही, "स्क्रू राहू दे, बरोबर हाय," म्हणायची. मी ठरवलं होतं, चार दिवस सांगायचं, जरा उभारी आली की खऱ्यावर यायचं. पण खऱ्यावर येणार कसं? काल पिवळा आणि आज एकदम निळा? तो खाली बसलेला माणूस मला परत बघायचा नव्हता. सरांचा फोन आला की तेही लाल-पिवळंच सांगायची. सर पुण्यातून ओरडायचे, "वा काकी! नाव देतो मग!"

आणि बाण कुठे जात होते? रोज निळ्यात, सात वाजता. सगळेच्या सगळे. मी बघत होते आणि मला त्याचा अर्थ कळत नव्हता. मला फक्त एवढंच दिसायचं, की पिवळ्यात नाहीत.

बाण काढायला मी एकटीच जायची. "तुमचा गुडघा दुखतो, मी आणते," म्हणायची. एका संध्याकाळी हे म्हणाले, "नाय, आज मी येतो. मला हात लावून बघायचाय."

मी म्हणाले, "थांबा, आधी वाटेत दगड हायेत काय बघते." आणि धावत पुढे गेले. या वयात धावले. सहाही बाण उपटले आणि एकेक पिवळ्यात हाताने दाबून बसवला. तळवे लाल झाले. मग मागे जाऊन ह्यांना हात धरून आणलं.

त्यांनी आधी निशाणाच्या पुठ्ठ्याच्या कडेवर हात फिरवला, मग वीतवीत मोजत मधे आले. सहा बाण. प्रत्येकाला हात लावला. हसले. मग एका बाणाच्या मुळाशी बोटं नेऊन म्हणाले, "उथळ बसलेत गो."

मी पलीकडचा बाण उपटायला लागले.

"जोर कमी पडतोय माझा," ते म्हणाले. "दंड कमावले पाहिजेत."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीच्या गजाला रबरी ट्यूब बांधून रोज सकाळी ओढायला लागले. शंभर वेळा. खांदा सुजला, मी हळद लावून शेकायची. हळद लावता लावता सांगता आलं असतं. हात चालत होता, तोंड उघडत नव्हतं.

चाचणीच्या दिवशी रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला गेलो. मैदानावर आठ-दहा तिरंदाज, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. सर पुण्याहून परस्पर आले होते, ह्यांना मिठी मारली. पण नियमाप्रमाणे ते दोरीच्या पलीकडे, आत फक्त मी. पंचाने पट्टी तपासली, कोंबडी तपासली, पायाची पट्टी तपासली. मला विचारलं, "मदतनीस तुम्हीच ना?" कागदावर माझं नाव होतं. मी हो म्हणाले.

शेजारी एक पोरगी होती वडखळकडची, तिच्या मागे तिचा मोठा भाऊ. मिठागरावर कामाला होता. त्याचं तोंड ऐकून मला लाज वाटत होती. "काळा. परत काळा. झोपलीस काय गो? दहा वाजता, दहा! घड्याळ कळतं ना?" ती पोरगी म्हणायची, "गप रे, समजलं," आणि स्क्रू फिरवायची. मेल्याला बहिणीशी बोलायची रीत नाय, मी मनात म्हणाले.

आणि मी माझ्या माणसाला गोड आवाजात सांगत होते. निळा लागला की लाल, कधी पिवळा. इथे तरी खरं सांगायचं असं रात्री ठरवून आले होते. पण पहिला बाण सुटला, त्यांनी मान तिरकी केली, "कुठं गो?" आणि जीभ रोजच्या वाटेने गेली.

अर्धे बाण झाल्यावर सुट्टी झाली. आकडे मांडणारा मुलगा कागद घेऊन आला. खेळाडूची सही लागते, आणि दिसत नसलेल्याला आधी वाचून दाखवावं लागतं. तो मोठ्याने वाचायला लागला. "पाच. सहा. पाच. पाच. सहा. पाच..."

"कोणाचं वाचताय?" ह्यांनी विचारलं.

"तुमचंच, काका."

मी म्हणाले, "अहो, शेजारच्या लेनचा कागद आला असेल." हो, तेव्हाही. तेव्हाही मी तेच केलं.

मुलाने लेनचा नंबर वाचला, मग ह्यांचं नाव वाचलं, सगळं आडनावासकट. पाच-सहा म्हणजे निळा, ते ह्यांना पाठ होतं. सर दोरीपाशी आले होते. त्यांनी कागद मागून घेतला, मग दुर्बिणीतून निशाणाकडे बघितलं आणि आनंदाने ओरडले. त्यांना कुठे काय माहीत होतं.

"काका! अहो, सगळी भोकं एकाच जागी आहेत! ताटलीएवढ्या जागेत! एवढा स्थिर हात मी बघितला नाही. स्क्रू का नाही फिरवलात? वर दोन आटे, उजवीकडे दोन आटे. पिवळ्यात होता तुम्ही!"

दोन आटे. तीन महिने माझा माणूस एकाच जागी बाण मारत होता, डोळे बांधून, सुजलेल्या खांद्याने. त्याला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं, सात वाजता, निळा.

ह्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. "किती दिवस?"

"सर गेले तेव्हापासून."

"ते बाण. उथळ."

"व्हय. मीच."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं. खाली वाकले, हाताने कोंबडीचे स्क्रू शोधले आणि मोजून फिरवले. "आता खरं सांग," एवढंच म्हणाले.

मी खरं सांगितलं. "लाल, एक वाजता." अर्धा आटा. "पिवळा." "पिवळा." "लाल, तीन वाजता." माझा आवाज फुटत होता, पंचाने खूण केली, हळू. पिवळे बाण खरेच पिवळे होते आणि ते हसत नव्हते. प्रत्येक बाणाला मी सांगायची आणि ते थोडं थांबायचे. विश्वास ठेवू की नको, एवढं थांबायचे, मगच पुढचा बाण घ्यायचे. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्याएवढे गुण मैदानावर कोणाचेच नव्हते. पण बेरीज दोन्ही अर्ध्यांची होते. वडखळची ती पोरगी निवडली गेली. तिचा भाऊ रडत होता आणि तरी तिला म्हणत होता, "शेवटचा काळा होता, विसरू नको."

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. समोरच्या बाईने बॅगेकडे बघून विचारलं, "गळ हाय काय, मासे पकडायचा?" एरवी ह्यांनी तिला रोह्यापर्यंत हसवलं असतं. नागोठणं गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मला पडू द्यायचंस गो. मी उठलो असतो."

मी म्हणाले, "तुम्ही भिंतीकडे तोंड केलं असतंत."

"केलं असतं. चार दिवस."

नंतरच्या महिन्यात सरांकडे त्यांनी मदतनीसाचं नाव बदलून मागितलं. नियमात तसं चालतं, कागदावर दुसरं नाव लिहायचं, झालं. आता आमच्या आळीतली अंगणवाडीची ताई त्यांच्या मागे बसते. कोरड्या आवाजाची बाई. "काळा, नऊ वाजता. पांढरा, पाच वाजता." मी ह्यांना हात धरून मैदानावर नेते, पायाची पट्टी मांडते, कोंबडी उभी करते आणि मग जाऊन लांब शिरीषाखाली बसते. तिथून शब्द नीट येत नाहीत. परवा मात्र वारा इकडचा होता. ताई म्हणाली, "निळा, सात वाजता," आणि हे म्हणाले, "फर्स्ट शिफ्ट." ताईला त्यातलं काही कळलं नाही. मी लांबून एकटीच हसले, आणि मग डोळे पुसत बसले.

माझ्याशी ते वाईट वागत नाहीत. चहा छान झाला म्हणतात. औषध कुठलं, किती वाजले, विचारतात. पण विचारून झालं की बोलणारं घड्याळ दाबून पुन्हा ऐकतात.

काल बोईट आणलं होतं. पूर्वीसारखंच सोललं, उजेडात धरून काटे काढले आणि ताटात ठेवलं. "काटा नाय," मी म्हणाले.

ते हल्ली तसे घास उचलत नाहीत. आधी अंगठा आणि दोन बोटं माशावरून फिरतात, कडेपासून मधे, जशी त्या संध्याकाळी पुठ्ठ्यावर फिरली होती. मी बघत बसले. बोटं एका जागी थांबली. त्यांनी चिमटीत काहीतरी धरून वर केलं. केसासारखा बारीक काटा.

"हा काय गो?"

मला खरंच दिसला नव्हता. माझे डोळेही आता थकलेत, आखणीचं काम मी गेल्या सीझनला सोडलं ते त्याचसाठी. "दिसला नाय हो मला, शप्पथ," मी म्हणाले.

त्यांनी तो काटा ताटाच्या कडेला ठेवला. "बरं," म्हणाले. आणि बोटं पुन्हा माशावर फिरायला लागली.